मिलिंदची राहिलेली सुट्टी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी रियाधला, मलाझमधल्या आमच्या ऑफिसात चहा पीत होतो. कंपनीची पिठाची गिरणी दूर उत्तरेला, हाइल शहरात आहे. तिथं सकाळपासून छातीत दुखत असूनही त्यानं शिफ्ट पूर्ण केली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं खलास... मला आधी रागच आला. रडू नंतर.

नाशिकला इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो. शेवटच्या वर्षी मुलाखतींची तयारी करून घ्यायला एक सर आले. ‘नाही’ आणि ‘जमणार नाही’ हे शब्द विसरा, म्हणाले. मिलिंद मुळात बुजरा. मग हॉस्टेलच्या खोलीत मी टाय लावून साहेब व्हायचो आणि त्याच्याकडून ‘येस सर, डेफिनेटली’ घोकून घ्यायचो. वर्गात सगळ्यात आधी निवड त्याची झाली. पार्टी मी उकळली.

पुढे माझ्याच ओळखीनं तो या कंपनीत आला. दोन माणसांचं काम एकटा ओढायचा. तीन वर्षं घरी गेला नव्हता. मुलगी यंदा बारावी झाली; तिच्या ॲडमिशनला तरी बाबा घरी हवेत, एवढंच वैशालीवहिनींचं मागणं होतं. ‘साहेब सोडत नाहीत,’ असं तो त्यांना सांगायचा. मलाही तेच सांगायचा. मी साहेबांना यथेच्छ शिव्या घालायचो... अर्थात मनातल्या मनात.

पार्थिव पाठवायच्या कागदांवर सही करताना हेच साहेब, आमचे इजिप्शियन मॅनेजर, म्हणाले, “तीन वर्षांत त्यानं एकदाही सुट्टी मागितली नाही. मला वाटलं, घरी कुणी नसेल.”

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. “भावजी, खरं सांगा, त्यांनी सुट्टी मागितली होती ना?”

“मागितली होती, वहिनी. दोनदा.”

वहिनी साहेबांच्या नावानं खूप बोलल्या. मी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पोरीला तुमच्याच कॉलेजात घालू का? तुम्हा दोघांचं चांगलं झालं तिथं.”

काय सांगणार? चार वर्षांत आम्ही अवघड अवघड गणितं सोडवली. पण समोरच्या माणसाला ‘मला घरी जायचंय’ एवढं म्हणायची हिंमत तिथं कुणी दिली नाही. होती नव्हती ती मीच त्याच्याकडून काढून घेतली, हे मला आता झोपू देत नाही. “बघू, वहिनी,” म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरनी विचारलं, मिलिंदच्या जागी हाइलला जाशील का? नाशिकला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तिला मी यायची तारीख दिली आहे. तरी तोंडातून ‘येस सर’ कधी निघालं ते कळलंच नाही.

आता राहतो तो मिलिंदच्याच खोलीत. त्याची चादर, त्याचा कप, खिडकीतून दिसणारी गिरणीची भिंत... टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सुट्टीचे पाच अर्ज सापडले. तारखा घातलेले, सही केलेले, एकही न दिलेला. शेवटच्यावर कारण लिहिलंय, मुलीची ॲडमिशन.

परवा मीही एक भरला. आईचं ऑपरेशन. तो त्या पाचांवरच ठेवलाय.