ओटा एवढा खाली कशाला

आई गेल्यानंतर तिच्या साड्या दोन वर्षं कपाटात तशाच पडून होत्या. मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी मी नाशिकहून आणि धाकटी बहीण जवळच्याच बजाजनगरहून बाबांच्या गारखेड्याच्या घरी जमायचं, आणि दोघींनी मिळून त्या साड्यांची गोधडी शिवायची, असं ठरलं. खरं सांगायचं तर गोधडी हे निम्मंच कारण होतं. बाबा पंचाहत्तरीला आले होते, घरात एकटे होते. त्यांना असंच राहू द्यायचं की माझ्याकडं घेऊन जायचं, ते एकदा डोळ्यांनी बघू, असं आमचं फोनवर बोलणं झालं होतं. बाबांना अर्थातच आम्ही ते सांगितलं नव्हतं.

त्यातच निघायच्या आदल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. आवाज खाली आणून बोलत होती, म्हणजे शेजारच्या खोलीत नवरा असणार.

"ताई, बाबांचं काहीतरी चालू हाय."

"काय चालू असणार?"

"रोज संध्याकाळी सायकल घेऊन जायलेत. पण चालवत नाहीत. नुसती हातात धरून चालतात. आणि सोबत एक बाई असती."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांच्या घरासमोरच्या काकूंनी. त्या म्हणाल्या, मला काय करायचंय, पण तुम्हाला माहीत असावं."

मी हसण्यावारी नेलं. पण सायकल हातात धरून चालणारा माणूस काही डोक्यातून जाईना. बाबांची सायकल चालवायची सवय जुनी. पाटबंधारे खात्यात होते तेव्हा सगळे स्कूटरवर, हे सायकलवर. सायकल असताना माणूस पायी का चालेल? कुणाच्या तरी चालीनं चालायचं असेल तरच.

शनिवारी सकाळी फाटक उघडलं तर अंगणात विटांचा ढीग, वाळू, सिमेंटची पोती. आतून छन्नीचा आवाज येत होता. बाबा दारात उभे, चौकटीला हात टेकून.

"हे काय हो बाबा? काम काढलंय हे बोलला नाहीत."

"किरकोळ आहे. स्वयंपाकघराचा ओटा जरा नीट करून घेतोय."

किरकोळ नव्हतं. आईचा ओटा पार तोडलेला होता. कडप्प्याच्या फरश्या मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या, भिंतीत पाइप उघडे. आई चांगली उंच होती. लग्नानंतर वाकून वाकून तिची कंबर धरायला लागली तेव्हा तिनं हट्टानं ओटा उंच करून घेतला होता. बाबा तर तिच्याहून वीतभर उंच. आणि आता मिस्त्री तिथं नवीन ओट्याच्या विटा रचत होता त्या कुठल्या कुठं खाली.

"काका, अजून एक थर कमी करू का?" मिस्त्रीनं विचारलं.

"कर," बाबा म्हणाले. मग आमच्याकडं नजर गेली तसे गप्प झाले.

मिस्त्री चहाला बाहेर गेला तेव्हा बहीण त्या अर्धवट ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. ओटा तिच्या मांड्यांना लागत होता. तिनं पोळी लाटायचा अभिनय केला तर पार कमरेत वाकली.

"ताई," ती कुजबुजली, "ही बाई लई बुटकी असली पाहिजे."

मला हसू आलं. पण मलाही दुसरं कारण सुचत नव्हतं.

अंगणात गेलो तर तिथंही तेच. आईचे वाफे जमिनीलगत होते, जास्वंद, अबोली, कोपऱ्यात गवती चहा. ते सगळं खणून काढून बाबांनी विटांच्या भिंती उभारल्या होत्या आणि त्यात माती भरून वाफे गुडघ्याच्याही वर आणले होते. जास्वंद तेवढी वाचली होती. बाकी नवीन रोपं, दुपारच्या उन्हात माना टाकलेली, वर हिरव्या जाळीचं छप्पर.

"वाफे एवढे उंच का केले?" मी विचारलं.

"गोगलगायी येतात."

"मे महिन्यात?"

"पावसाळ्यात येतात ना. आधीच करून ठेवलेलं बरं."

हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळं त्याला ते जमतही नव्हतं. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी रोपांकडं पाहिलं. पुदिना, मेथी, मिरची. आईनं अंगणात कधी मेथी लावली नव्हती. हे कुणाच्या आवडीचं?

दुपारी पुढच्या खोलीत कूलर लावून आम्ही साड्या पसरल्या. रोजच्या वापरातल्या फुलाफुलांच्या, लग्नकार्यातल्या दोन-तीन, आणि विहारात जाताना नेसायच्या पांढऱ्या. पांढऱ्या बऱ्याच होत्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. आम्ही ठरवलं, पांढऱ्या आत घालू, रंगीत वर. पण थर एकमेकांवर बसेनात. एक ताणली की दुसरी सरकायची. बहिणीनं टाके घातले ते उसवावे लागले. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

"थांबा," ते म्हणाले, "मॅडमना बोलावतो. त्यांना येतं."

बहिणीचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

बाबा फोनवर दोनच वाक्यं बोलले आणि थोड्याच वेळात मॅडम आल्या. मागच्या गल्लीत राहणाऱ्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, डोक्यावर फिक्या निळ्या ओढणीचा पदर. आणि उंच. इतक्या उंच की आमच्या दाराशी त्यांनी सवयीनं मान खाली घातली. बहिणीचं तोंड बघण्यासारखं झालं. सकाळपासून जमवलेला सगळा हिशेब त्या एका बाईच्या उंचीनं उधळून लावला होता.

मॅडमनी चपला काढल्या, साड्यांपाशी मांडी घालून बसल्या, आणि पांढऱ्या साडीवर हात फिरवला.

"ही आत नको टाकू बेटा. वर घे."

"पांढरी मळेल ना मॅडम."

"मळू दे. धुता येती. तुमची अम्मी हीच नेसून निघायची, मी गॅलरीतून बघायची. क्या चाल थी! आत दाबून टाकली तर कुणाला दिसंल?"

मग आम्ही पांढऱ्या वर घेतल्या. मॅडमनी चारी कडा आधी कच्च्या टाचल्या, मग कडेनं सुरू करून आत आत येणारा धावदोरा कसा घालायचा ते दाखवलं. तिघी शिवू लागलो. बोलणं मात्र गोधडीचं राहिलं नाही.

"तुझं घर कितव्या मजल्यावर आहे नाशकात?" त्यांनी मला विचारलं.

"चौथ्या."

"लिफ्ट आहे?"

"आहे. कधीकधी बंद पडते."

मॅडमनी वर बघितलं, माझ्याकडं नाही, बाबांकडं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"खाली बगिचा वगैरे?"

"पार्किंग आहे."

"आणि तुम्ही दोघं नवराबायको कामावर जाता. दिवसभर घर बंदच असंल."

प्रश्न साधेच होते, पण शाळेत उलटतपासणी व्हायची तशी मी सरळ बसून उत्तरं देत होते. त्या पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा बहीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ही आपल्याकडून काढून घ्यायलीय. दोघांचं आधी बोलणं झालंय."

"कशाचं?"

"मला काय माहीत! पण बाबांनी हिला मुद्दाम बोलावलं. गोधडी नुसतं निमित्त."

मॅडम परत आल्यावर बहिणीनं सरळच विचारलं. तिला तेवढा धीर कायमच असतो.

"मॅडम, हा ओटा बाबा कुणासाठी खाली करायलेत?"

मॅडमची सुई थांबली. त्यांनी दोरा दातानं तोडला, गाठ मारली, आणि म्हणाल्या, "बाप तुमचा आहे. मला कशाला विचारता, त्यांनाच विचारा." बाबा तोपर्यंत खुर्चीतून उठून आत गेले होते.

त्या रात्री आम्ही काही विचारलं नाही. झोपताना मात्र दोघींच्या डोक्यात नवनवीन शक्यता येत राहिल्या. घर विकायचं असेल. भाडेकरू ठेवायचा असेल. बहिणीला वाटलं, कुणी तिसरीच बाई असेल आणि मॅडम मध्यस्थ असतील. मी तिला गप्प केलं, पण स्वतः जागीच होते.

रविवारी सकाळी उन्हं यायच्या आत मी उठले. नळाला पाणी यायचा दिवस होता, टाकी भरते का ते बघायला मागं निघाले, आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले.

बाबा नव्या ओट्यापुढं बसले होते. उभे नाही, बसलेले. बाहेरच्या खोलीतलं स्टूल त्यांनी आत आणलं होतं. ओट्याच्या कच्च्या बांधकामावर एक फळी आडवी टाकली होती, फळीवर परात, परातीत पीठ. बसल्या जागी ओटा त्यांच्या पोटाशी बरोबर येत होता. ते भाकरी थापून बघत होते. भाकरी कुठूनही गोल नव्हती.

त्यांना चाहूल लागली. मान वळवून पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखे हात पिठातच राहिले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"काय किती दिवस?"

"बाबा."

त्यांनी हात झटकले. "उभं राहवत नाही. थोडा वेळ झाला की कमरेपासून खाली पाय बधिर होतात. मग आग व्हायला लागते. बसलं की कमी होतं. वाकलं की कमी होतं. सायकलच्या हँडलवर भार टाकून चालतो, मग गल्लीच्या टोकापर्यंत जाता येतं."

"आणि मॅडम?"

"मी एकदा रस्त्यात बसलो होतो, दुकानाच्या पायरीवर. त्यांनी घरी आणून सोडलं. तेव्हापासून येतात सोबत. त्यांनी सांगितलं होतं, मुलींना कळवा म्हणून. मीच नको म्हटलं."

मागं बहीण येऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. ती रडेल असं वाटलं, पण ती चिडली.

"मी अर्ध्या तासावर राहते बाबा! दर महिन्याला येते. आणि तुम्ही मला गोगलगायी सांगता?"

"तुला नाही सांगितल्या. हिला सांगितल्या."

"तेच ते!"

बाबांचाही आवाज चढला, तो फार क्वचित चढायचा. "तुम्ही दोघी गोधडी शिवायला आलात का? खरं सांगा. का मला बांधून न्यायला आलात? मागच्या वेळी आलीस तेव्हा गच्चीत हिच्याशी फोनवर बोलत होतीस तू, मी खाली पाणी घालत होतो. सगळं ऐकलंय. नाशकात चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? पार्किंग बघू?"

ज्याच्यावर आम्ही दोन दिवस डोळा ठेवून होतो, तो आमच्यावर महिनाभर डोळा ठेवून होता. बसल्या बसल्या हात पोचतील असे वाफे, ओटा, स्टूल, सगळी तयारी आमच्याविरुद्ध चाललेली होती. आम्ही काही म्हणायच्या आत घरच असं करून टाकायचं की आम्हाला म्हणायला जागा राहू नये.

बहीण तिथंच जमिनीवर, वाळूच्या कणांत बसली. मग मीही बसले. बाबा स्टुलावर, आमच्याहून उंच. शेवटी बाबाच म्हणाले, "डॉक्टरनं मणक्याचं ऑपरेशन सांगितलंय. मी हो म्हटलं नाही. घाबरलो." हे शेवटचं ते इतकं हळू बोलले की बहिणीनं त्यांचा पिठाचा हात धरला.

मी रजा वाढवली. सोमवारी तिघं डॉक्टरकडं गेलो, रिक्षात मॅडमही होत्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ऑपरेशन लगेच नको, आधी व्यायाम करून बघू, असं ठरलं. नाशिकचा विषय बाबांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. ओटा त्यांनी ठरवला तेवढाच खाली झाला. बहिणीनं स्टुलाला पाठ लावून घ्यायला लावली, एवढाच आमचा अधिकार चालला. गोधडी त्या दोन दिवसांत निम्मीही झाली नव्हती. उरलेली मॅडमनी आणि बहिणीनं जूनमध्ये पुरी केली.

आता मी रोज फोन करते. बाबा म्हणतात, "एकदम मस्त." ते मस्त खरं की कसं, ते मी बहिणीला विचारते. बहीण मॅडमना विचारते. आणि मॅडम लगेच बाबांना जाऊन सांगतात की मुली विचारत होत्या.