तलवाड्यात दुरुस्त झालेली खिडकी

निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायकोनं एक जुनी गाडी घेतली, आत घर असलेली. मी अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स होते आणि ह्यांनी आयुष्यभर एसटी चालवली. ह्यांचं म्हणणं असं, की इतकी वर्षं लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी सोडलं, आता आपल्याला वाटेल तिथं थांबू. गाडीत एक पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं.

पलंगाजवळची खिडकी माझी लाडकी. तिच्या चौकटीत दोन गुंडाळ्या दडवलेल्या होत्या. खालून पडदा वर ओढायचा, वरून डासांची जाळी खाली ओढायची आणि मधे दोन्हींच्या पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या. त्यासाठी पट्टीच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे बोटाच्या पेराएवढे खटके होते. खटका दाबला की आतल्या स्प्रिंगच्या ओढीनं जाळी सर्रकन वर पळायची.

आमच्याकडच्या उन्हाळ्यानं ते प्लॅस्टिक ठिसूळ केलं. एक खटका मोडला, मागोमाग दुसरा. जाळी खाली ओढून हात सोडला की ती परत वर. एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं, पण ह्यांना आदल्या वर्षी चिकनगुनिया झाला होता. सकाळी बोटं अजून आखडायची, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. पावसाळ्याच्या शेवटी डास वाढले तशी मला धास्ती बसली. ज्यानं ही गाडी आतून बांधली होती त्याला फोन केला. तो सुटा खटका आता मिळत नाही, अख्खी चौकट बदलावी लागेल, असं त्यानं सांगितलं. बीडच्या दुकानांत मोडका तुकडा दाखवत फिरलो. कुणी कपाटाचे खटके पुढे केले, कुणी नुसतं हसलं. डिंकानं चिकटवलं तर उन्हात सुटलं. शेवटी जाळी नाडीनं बांधली, तर बाजूला फट राहिली आणि डासांना तेवढी पुरली.

अशा खिडकीनिशी आम्ही तलवाड्याला जावेकडे गेलो. माझे धाकटे दीर वारल्यापासून ती तिथं एकटीच राहते. दोन शेळ्या आणि शिलाई मशीन, एवढा तिचा संसार. आसपासच्या बाया ब्लाऊज तिच्याकडेच टाकतात. मी नोकरीवर असताना सासूबाईंचं शेवटचं आजारपण तिनंच काढलं आणि त्याचा एका शब्दानंही कधी उच्चार केला नाही. ह्यांच्याशी मात्र ती थेट बोलत नसे. मोठे दीर म्हणून पदर सावरून बाजूला व्हायची. "आक्का, भावजींना इचारा, चहा ठिवू का," असं ह्यांच्या देखत मला म्हणायची. लग्न झाल्यापासून तसंच चाललं होतं.

गाडी लिंबाखाली लावली. जाऊ आत आली, सगळं हात लावून पाहिलं आणि खिडकीशी थांबली. नाडी कशाला बांधली, ते मी सांगितलं. चौकट बदलायची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आक्का, हे तर ब्लाऊजच्या हुकावानीच हाय. हूक तुटला म्हणून ब्लाऊज कोण फेकतंय?"

ती लगेच हुकांची पुडी घेऊन आली. जुना खटका जिथं बसत होता तिथल्या भोकांतून दुहेरी दोरा ओवून तिनं दोन्ही टोकांना हूक घट्ट बांधले. आम्ही जाळी ओढून अडकवली. क्षणभर राहिली, मग हूक सरळ झाले आणि जाळी वर गेली. जाऊ तोंडाला पदर लावून हसायला लागली. हे बाहेरून म्हणाले की स्प्रिंगच फार ताठ आहे, तिचा पीळ थोडा कमी केला तर खटक्यावर ओढ कमी पडेल. तिनंही सांगितलं, हूक जाड तारेचा पाहिजे.

चौकट उतरवताना घोळ झाला. ह्यांच्या आखडलेल्या बोटांतून गुंडाळीची पिन सुटली आणि सगळा पीळ एका दमात उलगडला. जाळी ओल्या धडप्यासारखी लोंबायला लागली. हे पलंगावर बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. स्टिअरिंगवर इतकी वर्षं चाललेले हात होते ते.

जावेनं पदर खोचला आणि गुंडाळीचं एक टोक मुठीत पकडलं. "भावजी," ती म्हणाली, "मी हिकडून धरते. तुमी पक्कडीनं पिन फिरवा. मी म्हणल्याबिगर सोडू नका."

मी दोघांकडे बघतच राहिले. ह्यांनी मान वर केली, "बरं," एवढंच म्हणाले आणि पक्कड घेतली. पक्कड दोन्ही हातांनी धरता येत होती. पीळ चढत गेला. थोडं जास्त झालं की ती सांगायची, थोडं सैल झालं की हे. मी जाळीची कड सरळ धरून उभी होते आणि काहीही बोलायची मला भीती वाटत होती.

तारेचा प्रश्न उरला. जाऊ उठून मागच्या पडवीत गेली. तिथं दिरांची सायकल भिंतीला टेकवलेली होती. ती कुणी चालवत नव्हतं, कुणी हलवतही नव्हतं. मी म्हणाले, राहू दे, बाजारातून तार आणू. ती म्हणाली, "उभी राहून गंजतीच हाय. त्येंच्या भावाच्या कामाला आली तर त्येंना बरंच वाटंल." आणि तिनं स्वतःच चाकाची एक तार काढली.

ह्यांनी पक्कडीनं त्या तारेचे दोन आकडे वळवले, पट्टीच्या भोकांत बसवले आणि दोन नळ्यांतला, लोखंड चिकटवायचा मसाला मिसळून पक्के केले. संध्याकाळपर्यंत उन्हात वाळू दिले. डासांची वेळ झाली तशी आम्ही तिघं गाडीत बसलो. ह्यांनी जाळी खाली ओढली, आकडे अडकवले, हात काढून घेतला. जाळी जागची हलली नाही. बाहेर डास गुणगुणत होते आणि आम्ही आत पिठलं-भाकरी खाल्ली. इतकं चवीचं जेवण त्या गाडीत पुन्हा झालेलं मला आठवत नाही.

सकाळी मी तिला आमच्याबरोबर वेरूळला चल म्हणाले. ती आधी नाहीच म्हणाली. शेळ्या होत्या, शिवायचे ब्लाऊज होते. मग थोड्या वेळानं शेजारणीला शेळ्या सांभाळायला सांगून आली, हातात पिशवी. माहेर आणि दवाखाना सोडून ती कुठं मुक्कामाला गेल्याचं मला माहीत नव्हतं.

लेण्यात, बुद्धमूर्तीच्या पुढं, ती बराच वेळ हात जोडून बसली. माझीही तिथून उठायची घाई नव्हती. बाहेर आल्यावर पायरीवर टेकलो तेव्हा मी तिला सासूबाईंच्या दुखण्याचं बोलले. तू होतीस म्हणून मी नोकरी करू शकले, माझी लेकरं शिकली, हे मी मनात नेहमी म्हणते, आज तोंडानं म्हणते, असं सांगितलं.

ती पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत राहिली. "त्या मलाबी आईच व्हत्या, आक्का," ती म्हणाली. मग पलीकडं पेरूवाली बसली होती तिच्याकडं तिनं बोट केलं. आम्ही तिखट-मीठ लावून पेरू घेतले आणि ह्यांच्यासाठी एक मऊ निवडून गाडीकडे निघालो.