डमी वधू-वर

अंधेरीतल्या त्या ऑफिसात आम्ही लग्नपत्रिकांची वेबसाइट करत होतो. त्यासाठी टेम्प्लेट इंजिन निवडायचं काम माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीवर आणि माझ्यावर आलं. पत्रिकेचा साचा एकदा लिहून ठेवायचा. नावं, तारीख, हॉल कळला की इंजिन ते भरून पान तयार करून देतं. एवढीशी गोष्ट. पण अशी इंजिनं ढीगभर, आणि प्रत्येकाचे भक्त एकमेकांच्या जिवावर उठलेले.

तिची पद्धत साधी होती. प्रत्येक इंजिनाला तीच पत्रिका करायला लावायची. चाचणीसाठी नावं हवी होती. "शोधत कुठे बसू? तुझं नि माझं टाकते," म्हणाली आणि टाकलीही. तिच्या लेखी ती नुसती डमी नावं. माझी मात्र वाट लागली. रोज दुपारी स्क्रीनवर आमचं लग्न ठरायचं, आणि "हॉलचं नाव दोनदा आलंय बघ," म्हणत ती ते बंद करायची. मग मी चांगल्या चांगल्या इंजिनांत खोट काढू लागलो. हे स्लो आहे, त्याचा साचा वाचवत नाही. निवड संपू नये, एवढंच मला हवं होतं. त्यातली एक दुपार आजही कुणी परत दिली तर मी काहीही सोडून जाईन.

अडलं ते पत्रिकेच्या माथ्याशी. घर हिंदू असेल तर गणपती, बौद्ध असेल तर बुद्ध, ख्रिश्चन असेल तर क्रूस. ती मुलुंडच्या बौद्ध घरातली, मी गोराईचा ख्रिश्चन. आमची नावं टाकली की माथा कोराच यायचा. काही इंजिनं साच्यात फारशा अटी घालूच देत नाहीत. तिने घालू देणारं एक घेतलं आणि आणखी एक अट लिहिली: दोन घरांचे धर्म वेगळे असतील, तर वर जाईची वेल. पान उघडलं. या वेळी तिने ते लगेच बंद केलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी पाहिलं. इंजिन पसंत पडलं. "पण ही वेल कशाला? असे कस्टमर येणार किती? काढा ती."

साहेब केबिनमध्ये गेले. तिने वेलीच्या अटीच्या ओळी सिलेक्ट केल्या आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे वळली.

"बोल ना रे. ठेवायची का?"

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. माझ्या घरचे, तिच्या घरचे, सगळे एकदम माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब म्हणतायत ना," मी म्हणालो. "काढून टाक."