पंचनाम्यातले बोंबील

ताटात सुके बोंबील आले की ती घटना मला आजही आठवते. तेव्हा मी पनवेलला वरिष्ठ निरीक्षक होतो. सोमवारी सकाळची हजेरी चालू असतानाच एका महाविद्यालयातले प्राध्यापक धापा टाकत ठाण्यात आले. शनिवार-रविवारच्या सुट्टीत प्रयोगशाळेतून त्यांचं मासे वाळवण्याचं यंत्र चोरीला गेलं होतं.

"साहेब, यामागे परदेशी कंपनी आहे!" ते म्हणाले.

विद्यापीठातलं संशोधन बाजारात यावं म्हणून सरकारची अनुदान योजना होती. दुसऱ्या दिवशी समिती पाहणीला येणार होती. यंत्र चालताना दिसायला हवं आणि ते विकत घेणारं बाहेरचं एक तरी गिऱ्हाईक हवं, अशी अट. नाहीतर सहा वर्षांची मेहनत कपाटात. माणूस रडकुंडीला आला होता. मात्र यंत्राचं वर्णन सांगताना त्यांनी ठाणे अंमलदाराची तीन पानं खाल्ली, आणि आम्हाला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

खबर मिळाली ती हवालदाराच्या डब्यातून. जेवताना तो म्हणाला, "साहेब, आठवडाभर ऊन नाही. तरी काल बाजारात करंजा बंदरावरच्या एका बाईकडे खडखडीत बोंबील होते. वाळूचा कण नाही. बायकोनं सगळेच उचलले."

उरण ठाण्याला कळवून, प्राध्यापकांना जीपमध्ये घालून मी करंजा गाठलं. बंदराजवळच्या एका पडवीत यंत्र चालू होतं. शेजारी बाई बोंबील निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्यासुद्धा नाहीत.

"मशीन तुम्ही आणलंत?"

"मीच आनलाय, टेम्पोनं. वाचमननं चढवायला हात लावला."

"बाई, ही चोरी आहे."

"चोरी कसली? वरीसभर सरांनी माझ्याकडंच ठेवला व्हता, कसा चालतो बघा म्हनून. आनि सायब येनार म्हनून उचलून नेला! माझे बोंबील अर्धे वले. ते काय सायबांची वाट बघत बसतील?"

ही गोष्ट प्राध्यापकांच्या तीन पानांत कुठेच नव्हती. ते मात्र यंत्रात डोकं घालून उभे. "माझे स्टीलचे ट्रे कुठे गेले?"

"त्याला मासली चिकटते. मी जालं तानलाय. लवकर बी सुकते."

मी शेजारचे दोन पंच बोलावून पंचनामा केला: यंत्र चालू स्थितीत, आत जाळ्यावर बोंबील. मग उलटतपासणी घेतली ती प्राध्यापकांची.

"गिऱ्हाईक कुठे कुठे शोधलंत?"

हॉटेलं, निर्यातदार, दोन परिषदा झाल्या होत्या.

"आणि या बाईंना विचारलंत?"

"त्या चाचणीतल्या... त्या कशा घेतील?"

"कशा म्हंजे?" बाई कडाडल्या. "आमी चौघी मिलून घेऊ. पन आता परत नेयाचा नाय!"

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! वर्णनाच्या नादात गुन्हा नोंदवायचा राहिला होता, तेच बरं झालं. प्राध्यापकांनी तक्रार मागे घेतली. दुसऱ्या दिवशी समितीला थेट करंजालाच नेलं. यंत्र प्रयोगशाळेबाहेर चालतं याला त्रयस्थ पुरावा काय, असं अध्यक्षांनी विचारताच प्राध्यापक पुन्हा यंत्राचं वर्णन सांगू लागले. मी पंचनाम्याची प्रत पुढे केली. अनुदान मंजूर झालं.

जन्मभर मी चोरीचा माल कोण विकतं हे शोधत आलो. एखादी वस्तू कुणाला खरोखर हवी असते, हे मला त्या पडवीत कळलं. पुढे पेटंटच्या अर्जात प्राध्यापकांनी जाळ्याच्या युक्तीसाठी स्वतःच्या नावाशेजारी बाईंचंही नाव घातलं. सहीच्या वेळी मी मुद्दाम हजर होतो. बाईंनी सावकाश सही केली, पेन ठेवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"सायब, आता तरी मशीन माझाच ना?"