हात लावून ओळखायची अळंबी

वारुळाच्या बगलेला उगवते ती अळंबी खायची. गवतात तशीच दिसणारी कुत्र्याची छत्री जीव घेते. हुमनाबादजवळच्या राजेश्वर गावापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात हा फरक खात्रीनं सांगणारं एकच माणूस होतं, सत्यभामाबाई. श्रावणात बायका झाडोऱ्यातून परतताना टोपल्या तिच्या दारात उतरवत. फोडणीतला लसूण काळा पडला तर विष, असं लोक म्हणत. ती म्हणायची, "लसणाला काय कळतंय?" तिची खूण वेगळी होती. वारुळावरच्या अळंबीचं मूळ वीतभर खोल जातं, म्हणून ती मुळासकट उपटायची. छत्रीला तसं मूळ नसतं, दांड्याला कडं असतं, आणि टोपीखालच्या चुण्यांवर पुढंपुढं हिरवट झाक येते.

अडुसष्ट साली ती हिरवट झाक तिला दिसेनाशी झाली. डोळ्यांवर साय धरली होती. हुमनाबादच्या दवाखान्यात जायचं तर दोघींची मजुरी बुडणार, म्हणून सुनेलाही तिनं सांगितलं नव्हतं. बोटांनी चाचपून ती निभावत होती. बोटं अजून चुकली नव्हती, पण टोपली घेऊन गेलेल्या घरातली लेकरं दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ओरडताना ऐकू येईपर्यंत तिच्या घशाखाली भाकर उतरत नसे. या काळजीनंच ती जास्त थकली होती.

एका दुपारी जमीनदार श्रीपतरावांची बायको पार्वतीबाई आली. टोपली अंगणात ठेवून दोन पावलं मागं सरकली. सत्यभामाबाईच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दहा वर्षं होऊन गेली होती, तरी पार्वतीबाईचा रिवाज तोच. सत्यभामाबाईची नजर तिला चालायची, हात चालायचा नाही.

"बघ गं सत्यभामे, चांगली हाय का? लेक आलीय माहेराला. नातू हट्ट धरून बसलाय."

"केवढा हाय?"

"चौथं लागलंय."

सत्यभामाबाई उकिडवी बसली. समोर नुसता पांढुरका ढीग.

"हात लावावा लागंल, अक्का."

"कामून? दरसाली नुसतं बघून सांगायचीस की."

"दरसाली डोळे होते."

दारात तूर निवडत बसलेली सून शोभा सूप धरून तशीच थांबली.

"थट्टा करायलीस का?" पार्वतीबाई म्हणाली.

"न्हाई. तुमचं तोंड बी दिसंना मला. हात लावून सांगते, न्हाईतर उकिरड्यावर टाका."

"तू शिवलेलं घरात नेलं तर सासूबाई मला उभं करतील व्हय दारात?"

"त्यांना सांगू नका. लेकराला काय झालं तर मात्र सांगावंच लागंल."

पार्वतीबाईनं टोपली पुढं सरकवल्याचा आवाज आला.

सत्यभामाबाई एकेक दांडा वरपासून खालपर्यंत बोटांत फिरवू लागली. निम्म्याहून जास्त बुडाशी सपाट लागले.

"विळ्यानं कुणी कापली?"

"गड्यानं. माती लागू नये म्हणून."

"मूळ रानातच राहिलं की. आता ह्येंची जात कोण सांगणार?"

कापलेल्या साऱ्या तिनं बाजूला काढल्या. त्यातल्या एकीच्या दांड्यावर नखाला कडं अडखळलं. आठ दिवसांपूर्वी कुणी दुरून दाखवली असती तर ती "बरी हाय" म्हणून मोकळी झाली असती का, हे तिला स्वतःलाच सांगता येईना. टोपलीत मुळासकट अकरा उरल्या.

"एवढ्यात काय व्हतंय?"

"एका लेकराला पुरतंय."

पार्वतीबाई टोपली उचलून गेली. घरी नेऊन शिजवते की वाटेत फेकते, ते कळायला मार्ग नव्हता.

"मला बी सांगितलं न्हाई, आत्याबाई," शोभा म्हणाली.

"सांगून काय केलं असतंस?"

"उद्यापासून कोण यायचं न्हाई आता."

"न येऊ दे. दमले मी. पण खाणारे खातेतच, कुणीतरी वळखाया पाहिजे. उद्या माझ्यासंग चल. विळा नको, खुरपं घे."

"उद्या निंदणी हाय."

"अळंबी थांबत न्हाई गं. एका दिसात किडते."

शोभानं तांब्या आणला. विषारी छत्रीला लागलेले सासूचे दोन्ही हात राखेनं घासून कोपरापर्यंत धुतले. मग म्हणाली, "तांबडं फुटायला निघू. तिकडूनच निंदणीला जाईन."