वाट न बघणारा माणूस

आमचे साहेब चालू प्रोग्रॅम बंद करतात तेव्हा माशी मारल्यासारखं बोट आपटतात. काल रक्ततपासणीच्या लॅबचा प्रोग्रॅम चालू होता. त्यातले अनेक थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी चालणारी स्वतंत्र कामं, एकाच वेळी वेगवेगळ्या रुग्णांचे रिपोर्ट साठवत होते. "सर, थांबा," आमच्या ऑफिसातली प्रोग्रॅमर मेधा म्हणाली. "आधी त्यांना थांबायची सूचना देऊ. हातातलं काम पुरं करून ते आपणहून थांबतील."

"एवढा वेळ कुणाला आहे?" म्हणत साहेबांनी सगळे थ्रेड एकदम मारले.

एका बाईंच्या रिपोर्टवर नुसतं नाव उरलं. त्यांना पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं. साहेब चहा पीत म्हणाले, "सिस्टिमच भिकार आहे."

अशा माणसांची मला किळस येते. सुरुवात करताना हे नारळ फोडतात, फोटो काढून घेतात. थांबवताना मात्र समोरचा काय करतोय, एवढंही बघत नाहीत आणि त्या निर्दयपणाला धडाडी म्हणतात.

आज मेधाने नीट थांबण्याची सोय करून दिली. साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'उरलेली कामं पूर्ण होत आहेत.'

"हँग झालं वाटतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी वायरच उपटली.