मलमाखालची मशेरी

आईच्या पायाच्या अंगठ्यावरची पट्टी सोडली आणि माझं डोकंच फिरलं. वर सर्जननी दिलेलं मलम, आणि त्याच्याखाली दात घासायच्या मशेरीचा काळा थर.

"हे काय केलंस?"

"रगत थांबाया लावली वाईच. मलम लावलंय की वर, तू सांगितलंस तसं."

"दुसरं काही लावू नको म्हटलं होतं ना?"

"दुसरं कुठं लावलं? मशेरीच तर हाय."

मी कपाळावर हात मारला. आमच्या कुडपण गावात कोयता लागो की ठेच लागो, बायका चिमूटभर मशेरी दाबतात. आईच्या लेखी ते औषधच नाही, मग ते 'दुसरं' कुठून होणार? त्यात हिला साखरेचा आजार. महाडच्या सर्जननी जखम साफ करून बजावलं होतं, मलम स्वच्छ मांसावरच लागलं पाहिजे, नाहीतर अंगठा जाईल.

थराखाली अंगठा काळानिळा पडलेला, म्हणून तिला लगेच महाडला सर्जनकडे न्यायला निघाले. जीपने घाट उतरून पोलादपूर येईस्तोवर मी तिला नुसतं फाडून खाल्लं. अडाणीपणा काढला, हट्ट काढला, काय काय काढलं.  मग ती हळूच म्हणाली, "त्या मलमात असतं काय गो एवढं?"

मी दातओठ खात सांगितलं, "वाढीचा निरोप असतो. तू बांधावरून घराकडे हाळी मारतेस ना, तसा. पेशीच्या अंगावर ती हाळी ऐकणारे कान असतात. कानाला लागली की आत एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, असं पार गाभ्यापर्यंत जातं. मग एका पेशीच्या दोन होतात, जखम भरते. तुझ्या मशेरीखाली ती हाळी पोचलीच नाही."

तिने वाकून अंगठ्याकडे पाहिलं.

"हे तवाच का नाय सांगितलंस? मी कशाला लावली असती मंग?"

वीस वर्षं मी महाडच्या कॉलेजात हेच शिकवते. फळ्यावर पेशी काढते, मुलांना कळेपर्यंत तीन-तीनदा सांगते. आईच्या हातात ट्यूब दिली तेव्हा एसटीचा हॉर्न वाजत होता. पायरीवरूनच हुकूम सोडला आणि पळत सुटले. कसली शिकवणारी मी, लाज वाटते.

"एसटी पकडायची होती," मी म्हणाले.

अंगठा दुसऱ्या दिवशी काढला. ती माझ्यावर ओरडली असती तर मला चाललं असतं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "तुला उशीर तर नाय ना होत गो?"